सुरती रुपयाचे मोल : चांदी, छाप आणि साल

सुरत शहराच्या आग्नेय अंगाला असलेल्या गोडादरा, लिंबायत, डिंडोली या वस्त्यांत खानदेशातून कामधंद्यासाठी आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. यंत्रमाग, रंगाई-छपाई आणि साडीबाजार यांवर त्यांपैकी पुष्कळांचा चरितार्थ चालतो. धुळे, नंदुरबार, जळगावकडून येताना ज्या थोड्या जिनसा बरोबर आल्या, त्यांत आजीच्या पेटीतले ‘राणीछाप’ रुपये किंवा कड्या लावून ओवलेली रुपयांची माळही काही घरांत असते. लग्न, आजारपण, कारखान्यातील मंदी अशा प्रसंगी हे रुपये सराफाकडे जातात. सराफ ते तराजूत टाकतो, घट धरतो आणि मोडीच्या भावाने पैसे देतो. एकाच ढिगातली ही नाणी दिसायला सारखी असली, तरी त्यांतले एखादे निम्म्याच चांदीचे असते, तर एखादे संग्राहकाकडे चांदीच्या कित्येक पट किमतीला जाते. विकणाऱ्याला यातले काहीच ठाऊक नसते.

हा व्यवहार ज्या शहरात होतो, त्या शहराच्या नावाने एकेकाळी पश्चिम हिंदुस्थानातला रुपया ओळखला जात असे. ‘सुरती रुपया’ हा गुजरात व मुंबईच्या बाजारात हिशोबाचा आधार होता. मराठी वाचकाला सुरत आठवते ती बहुधा १६६४ आणि १६७० या दोन सालांमुळे. त्या शहरात एवढी संपत्ती कशी साठली, आणि ती चांदी नाण्याच्या रूपात कशी फिरत होती, याकडे शालेय इतिहासाचे लक्ष कमीच गेले आहे. विशेष म्हणजे मुघलकालीन सुरतेत नाणे जितके जुने तितका त्याचा भाव कमी होता. आज नेमके उलट आहे. चांदी मात्र दोन्ही काळांत तीच.

टांकसाळीत येणारी चांदी

अकबराने १५७२-७३ मध्ये गुजरात जिंकला आणि १५७३ मध्ये सुरतेचा किल्ला घेतला. तरीही पुढची कित्येक वर्षे सुरतेच्या बाजारात महमुदी हे नाणे चालत होते. गुजरातच्या सुलतानांच्या काळापासून चालत आलेले हे चांदीचे नाणे रुपयापेक्षा बरेच हलके होते. सुमारे अडीच महमुद्यांना एक रुपया असा हिशोब सतराव्या शतकाच्या प्रारंभी आढळतो. यातली एक बाब नाशिक-खानदेशच्या वाचकाला जवळची वाटावी. सुरतेत चालणाऱ्या महमुद्यांपैकी पुष्कळ नाणी बागलाणच्या राजांच्या मुल्हेर येथील टांकसाळीतली होती. आजच्या नाशिक जिल्ह्यातल्या त्या डोंगरी राज्यातून सुरतेच्या वखारींपर्यंत नाणे पोचत होते. १६३८ मध्ये औरंगजेबाने, तेव्हा तो दख्खनचा सुभेदार होता, बागलाण घेतले आणि पुढे रुपयाने महमुदीची जागा घेतली.

सुरतेची मुघल टांकसाळ भरभराटीस आली ती जहांगिराच्या उत्तरकाळात. नूरजहानच्या नावाचे रुपये ज्या मोजक्या टांकसाळींतून निघाले त्यांत सुरत होती. हिंदुस्थानात चांदीच्या खाणी जवळपास नव्हत्याच. मेक्सिको आणि पेरूमधल्या खाणींतली चांदी स्पॅनिश नाण्यांच्या रूपात युरोपात येई. तिथून ती इंग्रज-डच जहाजांनी किंवा भूमध्य समुद्र, मोखा, जिद्दा या वाटेने सुरतेस उतरे. यातला दुसरा मार्ग मुख्यतः मुस्लिम जहाजमालकांच्या हाती होता. १७१८ मध्ये मरण पावलेला मुल्ला अब्दुल गफूर हा त्यांतला सर्वांत मोठा. हजयात्रेकरूंना नेणारी जहाजे परतताना कापडाच्या विक्रीची चांदी घेऊन येत, म्हणूनच १६९५ मध्ये इंग्रज चाच्यांनी ‘गंज-ए-सवाई’ या बादशाही जहाजावर घाला घातला. अशिन दासगुप्ता यांनी सुरतेच्या व्यापाऱ्यांवर जे संशोधन केले, त्यात तांबड्या समुद्राच्या व्यापाराचे हे महत्त्व सविस्तर आले आहे.

परकी नाणे बाजारात चालत नसे. ते टांकसाळीत द्यायचे, तिथे आटवून त्याचा कस ठरायचा आणि त्याचे रुपये पाडून मिळायचे. कोणीही आपली चांदी देऊन, सुमारे पाच-सहा टक्के खर्च व सरकारी हक्क भरून नाणे पाडून घेऊ शकत होता. त्यामुळे रुपयाची किंमत त्याच्यातल्या चांदीपासून फार दूर जाऊ शकत नव्हती. मुंबईत जमा होणाऱ्या जुन्या सुरती रुपयाचे जे माप जेम्स प्रिन्सेप याने नोंदवले आहे ते असे: वजन १७८.३१४ ग्रेन, म्हणजे सुमारे ११.५५ ग्रॅम, आणि हीण फक्त शेकडा १.२४. प्रिन्सेप स्वतः कलकत्त्याच्या टांकसाळीत कस तपासण्याचे काम करीत असे, ही गोष्ट ध्यानात घेतली की या आकड्याचे वजन कळते. त्या काळच्या युरोपातल्या बहुतेक चालू नाण्यांत यापेक्षा अधिक हीण होते.

साल आणि बट्टा

इस्लामी राज्यपद्धतीत खुतबा आणि सिक्का ही सार्वभौमत्वाची दोन चिन्हे मानली जात. शुक्रवारच्या नमाजात ज्याचे नाव घेतले जाई आणि नाण्यावर ज्याचे नाव उमटे, तो राज्यकर्ता. म्हणून मुघल रुपयावर बादशहाचे नाव, हिजरी सन, राज्यारोहणापासूनचे वर्ष (जुलूस) आणि ‘जर्ब’ या शब्दापुढे टांकसाळीचे नाव असते. अकबर ते शाहजहान यांच्या अनेक नाण्यांवर कलमाही आहे. नाणे कोणाच्याही हाती जाते, पायदळी येते, तेव्हा कलम्याचा अवमान होऊ नये म्हणून औरंगजेबाने तो काढून टाकला.

या लेखनातले जुलूसचे वर्ष सराफाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे होते. चालू वर्षाचा ताजा रुपया म्हणजे ‘सिक्का’. त्याच बादशहाच्या आधीच्या वर्षांतला ‘चलनी’. आधीच्या बादशहाच्या नावाचा तो ‘खजाना’. वजन आणि कस तोच असला, तरी चलनीवर थोडा आणि खजान्यावर त्याहून अधिक बट्टा कापला जाई. याला एक व्यावहारिक कारण होते. नाणे हातोहात झिजते. प्रत्येक रुपया तोलून पाहण्याऐवजी त्याचे वय पाहून झीज धरणे सोपे पडे. परंतु बट्टा नेहमीच झिजेच्या प्रमाणात नसे. नवा बादशहा तख्तावर येताच काल ‘चलनी’ असलेला रुपया ‘खजाना’ ठरे, आणि चांदी एक गुंजही कमी न होता शेतकऱ्याच्या किंवा विणकराच्या गाठीची किंमत घटे. टांकसाळीला नव्याने नाणी पाडण्याचे काम मिळे आणि सराफाला बट्टा. फारसी अक्षर वाचता येणारा आणि न येणारा यांच्यातला हा फरक रोजच्या रोख्यात मोजला जात होता.

आज याच लेखनाने इतिहासाला वेगळे साधन पुरवले आहे. नाण्यावर साल आणि टांकसाळ दोन्ही असल्यामुळे कोणत्या वर्षी कुठे किती चांदी नाण्यात रूपांतरित झाली, याचा अंदाज करता येतो. अझीझा हसन यांनी १९६९ मध्ये वस्तुसंग्रहालयांतील आणि सापडलेल्या साठ्यांतील मुघल रुपयांची मोजदाद करून चलनवाढ आणि भाववाढ यांचा संबंध मांडला. त्यांच्या पद्धतीवर जॉन डेयेल यांनी आक्षेप घेतले, शिरीन मूसवी यांनी हिशोब पुढे नेला. वाद अजून मिटलेला नाही, पण तो ज्या आधारावर चालतो ते आधार म्हणजे न वितळलेली नाणी होत.

हिणाची वाट

अठराव्या शतकात सुरतेच्या नबाबाची सत्ता ढिली झाली. १७१७ च्या फर्रुखसियरच्या फर्मानाने इंग्रजांना मुंबईत मुघल बादशहाच्या नावाचा रुपया पाडण्याची परवानगी मिळाली होती. १७५९ मध्ये सुरतेचा किल्ला त्यांच्या ताब्यात आला. टांकसाळ मात्र नबाबाकडे राहिली आणि तिथल्या रुपयात हीण वाढू लागले. प्रिन्सेपच्या म्हणण्याप्रमाणे ते शेकडा १०, १२ आणि १५ पर्यंत गेले. मूळच्या वजनाच्या रुपयात सुमारे ११.४ ग्रॅम शुद्ध चांदी होती. शेकडा १५ हीण धरले तर ती ९.८ ग्रॅमवर येते. नाव तेच, छाप तीच.

याचा परिणाम अपेक्षितच होता. मुंबईचे चोख रुपये लोकांनी सुरतेला नेले, आटवले आणि त्यांचे जास्त संख्येने सुरती रुपये करून घेतले. मुंबईच्या टांकसाळीत चांदीचे काम सुमारे वीस वर्षे बंद राहिले आणि बाजारात सुरती रुपयाच तेवढा उरला. वाईट नाणे चांगल्या नाण्याला हुसकून लावते, हा अर्थशास्त्राच्या वर्गात ग्रेशॅमच्या नावाने शिकवला जाणारा नियम इथे घरच्या उदाहरणाने दाखवता येतो. इंग्लंडच्या राणी एलिझाबेथच्या काळात जाण्याची गरज नाही.

१८०० मध्ये सुरतेचा पूर्ण कारभार कंपनीने घेतला आणि सुरती रुपया मुंबईत पाडण्याचा हुकूम झाला. वजन १७९ ग्रेन आणि हीण शेकडा ७.९५ असे ठरले, म्हणजे शुद्ध चांदी १६४.७४ ग्रेन. १८२९ पासून १८० ग्रेन आणि एक द्वादशांश हीण हे माप आले. १८३५ च्या कायद्याने कंपनीच्या सर्व मुलखासाठी तेच लागू झाले आणि रुपयात १६५ ग्रेन शुद्ध चांदी ठरली. १८०० च्या सुरती रुपयात आणि यात जेमतेम पाव ग्रेनचा फरक आहे. पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ चाललेल्या ‘कलदार’ रुपयातली चांदी ही अशी जवळपास सुरती रुपयाएवढीच होती.

छापेची गोष्ट मात्र चमत्कारिक आहे. मुंबईत पाडलेल्या या रुपयावर नाव शाहआलम दुसरा याचे, टांकसाळ ‘सूरत’, आणि यंत्रावर पाडलेल्या नाण्यांवर सन हिजरी १२१५ व जुलूस ४६. हिजरी १२१५ म्हणजे इ.स. १८००-०१. त्या वर्षी शाहआलमच्या कारकिर्दीचे ४६ वे वर्ष सुरूच झाले नव्हते. तो १८०६ मध्ये वारला, तरी १८३० नंतरही त्याच्या नावाने रुपया निघत होता. पुण्याचा (नाण्यावरचे नाव मुहियाबाद) आणि चांदवडचा (जाफराबाद) मराठी रुपयाही मुघल बादशहाच्याच नावाने पडत होता, तेव्हा कंपनीने काही निराळे केले असे नाही. साल गोठवण्यामागे मात्र सरळ हेतू होता. साल बदललेच नाही तर सराफाला जुन्या-नव्याचा बट्टा कसा कापता येणार? १८३५ पासून विल्यम चौथा याचा मुखवटा आला आणि बादशहाचे नाव गेले.

राणीछाप ते निकेल

घरोघरी आढळतात ते रुपये बहुतेक १८४० नंतरचे, म्हणजे व्हिक्टोरिया, सातवा एडवर्ड, पाचवा जॉर्ज आणि सहावा जॉर्ज यांचे. १९३९ पर्यंतच्या प्रत्येक रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा, आणि शुद्ध चांदी सुमारे १०.६९ ग्रॅम. १९४० पासून युद्धामुळे चांदी निम्म्यावर आणली गेली: ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबे, ५ टक्के निकेल, ५ टक्के जस्त. वजन तेच राहिले, चांदी ५.८३ ग्रॅम झाली. १९४७ सालच्या निकेलच्या रुपयात चांदी उरलीच नाही. मोडीच्या भावाने विकताना नाण्यावरचे एक साल पाहिले नाही, तर १९४२ चा रुपया १९१९ च्या भावात घेतला जात नाही, पण १९१९ चा रुपया १९४२ च्या भावात दिला जाऊ शकतो.

त्याआधीच रुपयाचा आणि चांदीचा संबंध तुटला होता. १८७० नंतर जगात चांदी स्वस्त होत गेली आणि जून १८९३ मध्ये सरकारने खासगी चांदीचे रुपये पाडून देणे बंद केले. तेव्हापासून रुपया त्यातल्या चांदीपेक्षा महाग झाला. पहिल्या महायुद्धात चांदी एवढी वाढली की उलटे घडले, लोक रुपये आटवू लागले, आणि १९१७ मध्ये एक रुपयाची नोट काढावी लागली.

मुस्लिम कुटुंबांच्या दृष्टीने या बदलाचा एक परिणाम फारसा चर्चिला गेलेला नाही. निकाहनाम्यात महरची रक्कम लिहिताना ‘सिक्का राइजुल-वक्त’, म्हणजे त्या वेळी प्रचलित असलेले नाणे, असे शब्द घालण्याची रूढी आहे. समजा, १९३० मध्ये एका स्त्रीचा महर ५०० रुपये ठरला आणि तो उधार राहिला. ठरला त्या दिवशी ते ५०० रुपये म्हणजे सुमारे ५.३ किलो शुद्ध चांदी होती. १९५० मध्ये ती विधवा झाली आणि वारसांनी आकडा पाळून ५०० रुपये तिच्या हाती दिले, तर तिला मिळालेल्या रकमेत चांदीचा कणही नव्हता. ‘त्या वेळी’ म्हणजे ठरण्याची वेळ की देण्याची, हा प्रश्न दोन शब्दांच्या या सूत्रात दडलेला आहे. चांदीचा रुपया चालत होता तोवर तो कोणी विचारण्याचे कारण नव्हते. महर सोन्याचांदीच्या तोळ्यांत ठरवावा, असा सल्ला कित्येक उलेमांनी नंतरच्या काळात दिला आहे.

जकातीचा हिशोबही असाच नाण्याच्या सालावर येतो. चांदीचा निसाब साडेबावन्न तोळे, म्हणजे ६१२ ग्रॅमच्या आसपास. केवळ शुद्ध चांदी मोजली तर १९३९ पर्यंतचे ५८ रुपये झाले की तो पुरा होतो. हनफी मतानुसार ज्या नाण्यात चांदीचे प्रमाण अधिक ते पूर्ण चांदीचेच धरतात, तेव्हा ५३ रुपये पुरतात. १९४० नंतरच्या नाण्यांत चांदी निम्मीच असल्याने शुद्ध चांदीच्या हिशोबाने ती १०५ लागतात.

संग्राहकाचा भाव

संग्राहक चांदीचे पैसे देतो ते नाममात्र. त्याची किंमत ठरते ती नाणे किती दुर्मीळ आहे, किती स्वच्छ वाचता येते आणि कितपत अभंग आहे यांवर. याचे उत्तम उदाहरण १९११ चा पाचव्या जॉर्जचा रुपया. राजाच्या झग्यावर ‘ऑर्डर ऑफ द इंडियन एम्पायर’च्या माळेतला हत्ती कोरलेला होता, पण त्याची सोंड आखूड झाल्याने तो डुकरासारखा दिसू लागला. मुस्लिम समाजात नाराजी पसरली, ‘डुकराचा रुपया’ हे नाव पडले आणि सरकारने नाणे मागे घेतले. पाडलेल्या रुपयांतला बराच मोठा भाग बाहेर न येता वितळवला गेला. १९१२ मध्ये सोंड नीट करून नवा ठसा आला. १९११ आणि १९१२ च्या रुपयांत चांदी अगदी सारखी, संग्राहकाचा भाव मात्र वेगळा. १९३९ चा सहाव्या जॉर्जचा रुपयाही असाच दुर्मीळ. तोही ओतशाळेतच संपला.

हाताने पाडलेल्या मुघल रुपयात ठसा नाण्यापेक्षा मोठा असे, त्यामुळे मजकुराचा काही भाग कडेबाहेर जाई. ज्या नाण्यावर टांकसाळ आणि साल दोन्ही पुरते उमटले, त्याला जास्त किंमत येते. सराफांनी परीक्षेसाठी मारलेल्या खुणांनी संग्राहकाचा भाव उतरतो, इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र त्याच खुणा नाण्याचा प्रवास सांगतात. कडी डाखलेल्या नाण्याचा भाव निम्म्याहूनही खाली जाऊ शकतो. चिंच, राख किंवा पॉलिश लावून चकाकवलेले नाणेही संग्राहक नाकारतो. शेकडो वर्षांची काळपट झाक हीच त्याला अस्सलपणाची खूण वाटते.

खोटी नाणीही पुष्कळ आहेत, आणि ती ओळखायला महाविद्यालयाची भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा पुरते. कसोटीच्या दगडावर घासल्याने नाणे बिघडते. पाण्यात तोलल्याने बिघडत नाही. एक द्वादशांश तांबे असलेल्या चांदीचे विशिष्ट गुरुत्व सुमारे १०.३ येते, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा न झिजलेला रुपया पाण्यात सुमारे १.१३ ग्रॅमने हलका भरावा. शिसे किंवा पितळ भरलेले नाणे या परीक्षेत बहुधा पकडले जाते.

कायद्याच्या दोन बाजू ध्यानात ठेवाव्या लागतात. जमिनीत सापडलेला साठा १८७८ च्या कायद्यान्वये जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या कायद्याने पुराणवस्तू ठरते आणि ते खासगीरीत्या परदेशी नेता येत नाही. साठा गुपचूप वितळवला की चांदी शिल्लक राहते, पण कोणती नाणी कोणाबरोबर, कुठे, कधी पुरली गेली ही माहिती कायमची जाते.

गोडादऱ्यातल्या एखाद्या माळेत दहा राणीछाप रुपयांमध्ये एक जाड, वेडावाकडा, फारसी अक्षरांचा रुपया असतो. घरातले लोक त्याला ‘मुसलमानी रुपया’ म्हणून बाजूला ठेवतात, सराफ तोलून घेतो. तो वाचण्याचे कौशल्य उर्दू-फारसी शिकवणाऱ्या शिक्षकाजवळ आधीपासूनच असते. आधी ‘जर्ब’ हा शब्द शोधावा, त्याच्या लगत शहराचे नाव मिळते. मग ‘जुलूस’ आणि त्यापाशी असलेला आकडा. नंतर दुसऱ्या बाजूवर बादशहाचे नाव आणि हिजरी सन. वजन ग्रॅमच्या दशांशापर्यंत, दोन्ही बाजूंचे छायाचित्र, आणि ते नाणे कोणत्या गावाहून, कोणाकडून आले याची एक ओळ एवढे टिपून घ्यायला पाव तास लागतो. हे नाणे तराजूत पडण्याआधी करावे लागते.